खोली कुणाच्या नावावर?

खेडच्या पोस्टात मी मनीऑर्डरच्या टेबलावर होतो, तेव्हा मुंबईचा निम्मा भूगोल मला पत्त्यांवरूनच पाठ झाला. लालबाग, करी रोड, डिलाईल रोड, नायगाव, शिवडी. फॉर्मवर पाठवणाऱ्यांची नावं वेगवेगळी, पत्ता मात्र एकच: अमकी चाळ, दुसरा मजला, खोली नंबर तमका. एका खोलीतून गावातल्या पंधरा-वीस घरांना पैसे यायचे. फॉर्मच्या खालच्या कुपनावर दोन ओळी लिहायची सोय असे. तिथे प्रकृती, भातलावणी आणि गणपतीला रजा मिळते का, एवढंच. मधूनच एखाद्या कुपनावर असायचं की धाकट्याला पाठवून द्या, खोलीत जागा आहे. पोस्टमन ते मोठ्याने वाचून दाखवी, आई पैसे घेऊन अंगठा उठवी, आणि पोरगं पुढच्या आठवड्यात मुंबईला जाई.

1911 च्या जनगणनेत मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी जवळजवळ निम्मे रत्नागिरी जिल्ह्यातले निघाले. मालवण-देवगडही तेव्हा याच जिल्ह्यात होते हे खरं, तरी आकडा मोठाच. जगबुडीतून होडीने दाभोळच्या खाडीत, तिथून आगबोट, मग मुंबईचा धक्का. पुढे एस.टी. आली, कशेडी घाट उतरून माणसं जाऊ लागली. कोकण रेल्वे तर 1998 मध्ये पूर्ण झाली, तेव्हा गिरण्यांचे भोंगे थंडावले होते. एवढी माणसं शहरात उतरवून घेणारं एकही कार्यालय नव्हतं. सरकारचं नाही, मालकांचं तर नाहीच. मालकांच्या वतीने भरती करायचा तो जॉबर, आणि तो बहुतेकदा कुठल्या तरी गावचाच. उतरवून घ्यायच्या त्या एकेका गावाच्या मंडळाने वर्गणीवर चालवलेल्या खोल्या.

माझे थोरले चुलते अशा खोलीत राहिले. बी.डी.डी. चाळीतली खोली म्हणजे एकशेसाठ चौरस फूट. 1920 नंतर बांधलेल्या त्या चाळी, दोनशेच्या वर. आत वीस-बावीस बाप्ये मावायचे, कारण सगळे एका वेळी आत नसायचे. पहिल्या पाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच पथारीवर आडवा. भिंतीला फळी, फळीवर ज्याची त्याची पत्र्याची पेटी. जेवण खानावळीत, तिथल्या बाया बहुतेक गिरणी कामगारांच्याच घरच्या, आणि हिशेब महिन्याचा. याच खानावळवाल्यांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं.

नव्या पोराचं काय व्हायचं, ते चुलते खुलवून सांगत. त्याला कुणी विचारत नसे की तू कुठे राहणार. गावाचं आणि वाडीचं नाव सांगितलं की खोली ठरलेली. आल्या दिवशी भाडं नाही, वर्गणी नाही. काम लागेपर्यंत त्याचं नाव वहीत लिहीत, रक्कम कोरी सोडत. खानावळवालीला खोलीतला एखादा शब्द देई: पोरगं आमचं आहे, पैसे मी बघतो. मग त्याला घेऊन कुणी तरी सकाळी गिरणीच्या दारात उभा राही. 1935 पासून बदली कामगारांची नोंद ठेवायची पद्धत आली, तरी दारातली ओळख लागायचीच. कांडी खात्यात जागा आहे, साच्यांवर माणूस हवा आहे, ही बातमी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत संध्याकाळपर्यंत पोचे. खेडची खोली, दापोलीची खोली, संगमेश्वरची खोली. कुणी कुणाच्या हाताखाली नाही, पण शक्ती-तुऱ्याच्या गाण्यांचा सामना परळच्या दामोदर हॉलमध्ये लागला की सगळ्यांना ठाऊक. गोव्याच्या ख्रिस्ती खलाशांचे कूड, म्हणजे त्यांच्या सामायिक खोल्याही, धोबीतलाव-माझगावकडे गावनिहाय अशाच चालत.

हे सगळं मला पुन्हा आठवलं ते पुतणीमुळे. ती पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. 2022 च्या ऑक्टोबरात इलॉन मस्कने ट्विटर घेतलं, तशी ती मॅस्टोडॉनवर गेली आणि मलाही ओढायला लागली. ट्विटरसारखंच हे मॅस्टोडॉन ऑयगेन रोश्को नावाच्या जर्मनीतल्या तरुणाने 2016 मध्ये सुरू केलं. एकच कंपनी नाही. हजारो सर्व्हर, प्रत्येकाचा चालवणारा निराळा, नियम निराळे, आणि अ‍ॅक्टिव्हिटीपब नावाच्या सामायिक नियमांवर सगळे एकमेकांशी बोलणार. आपल्याकडे 2019 च्या नोव्हेंबरातच एक लाट येऊन गेली होती, वकील संजय हेगडे यांचं खातं ट्विटरने बंद केलं तेव्हा. बरेच जण मॅस्टोडॉनवर गेले आणि बरेच परतलेही.

"काका, आधी सर्व्हर निवडा," ती म्हणाली. समोर लांबलचक यादी. मी विचारलं, यातला आपला कुठला? तर म्हणे, कुठलाही चालतो, सगळे जोडलेले आहेत. कुठलाही चालतो म्हटल्यावर माणूस निवडणार कशाच्या आधारावर? धक्क्यावर उतरलेल्या पोराच्या हातात सगळ्या चाळींची यादी दिली असती, तर ते उलट पावली खेडला आलं असतं.

ही अडचण मॅस्टोडॉनवाल्यांनाही कळली. मे 2023 मध्ये त्यांनी नव्या माणसाला आपल्याच मोठ्या सर्व्हरवर सरळ दाखल करायचं बटण पुढे आणलं; दुसरा निवडायची वाट ठेवली, पण बाजूला. म्हणजे सगळे एकाच चाळीत. सोय झाली, पण मग वेगवेगळ्या खोल्या कशाला, असं म्हणणारेही निघाले, आणि मला त्यांचं पटतं. ब्लूस्काय या तशाच दुसऱ्या जाळ्याने 2024 मध्ये 'स्टार्टर पॅक' काढले: ओळखीच्या माणसाने आपल्या माणसांची यादी एका लिंकमध्ये बांधून द्यायची, नव्या माणसाने त्या लिंकवरून आत यायचं. हे मला मनीऑर्डरच्या त्या कुपनाच्या जास्त जवळचं वाटतं. कुणी तरी नाव घेऊन बोलावतो.

मात्र गावकीच्या खोलीचं कौतुक करताना तिचा उंबरठाही सांगायला हवा. वाडी म्हणजे बहुधा जात. त्याच गावच्या महारवाड्यातला पोरगा त्याच आगबोटीने आला तरी त्याची चाळ वेगळी, खोली वेगळी. शेजारच्या मंडणगडातल्या आंबडव्याचं आंबेडकर कुटुंब परळच्या बी.आय.टी. चाळीत राहिलं, तिथेही आजूबाजूचे लोक दारिद्र्यातलेच. बायकांना तर खोलीत जागाच नव्हती. आणि गावाने एखाद्या घराला वाळीत टाकलं की मुंबईची खोलीही त्या घराच्या पोराला बंद. वर दाद मागायला कुणी नाही, हीच या व्यवस्थेची मोकळीक आणि हाच तिचा जाच. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा विधिमंडळाने 2016 मध्ये केला, तो उगाच नाही. मॅस्टोडॉनचेही सर्व्हर एकमेकांना तोडून टाकतात. त्यात भांडण सर्व्हर चालवणाऱ्यांचं असतं आणि राहणाऱ्याला आपले मित्र दिसेनासे का झाले तेही कित्येकदा कळत नाही. गावातही एका भांडणातून दोन मंडळं होत, दुसऱ्याचं नाव बहुधा 'नवतरुण'.

जानेवारी 1982 चा गिरण्यांचा संप लागला आणि मनीऑर्डरींचा गठ्ठा बारीक होत गेला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर होते. बरीच माणसं गावी आली, पुढे काही खेडजवळच्या लोट्याच्या कारखान्यांत लागली. खोल्या राहिल्या. मग चाळींच्या पुनर्विकासाचं वारं आलं आणि प्रश्न निघाला की भाड्याची पावती कुणाच्या नावावर. आमच्या खोलीची पावती एका थोरल्या माणसाच्या नावावर होती. तो वारला तसे त्याचे वारस म्हणाले, खोली आमच्या बापाची. पन्नास वर्षं वर्गणी भरलेल्यांकडे वही होती, पावती नव्हती. मॅस्टोडॉनवरही 2023 मध्ये हजारो माणसांचा मॅस्टोडॉन.लोल नावाचा सर्व्हर चालवणारा थकला आणि त्याने तो बंद केला. लोकांना आपले अनुयायी दुसरीकडे नेता आले, लिहिलेलं मात्र तसं नेता येत नव्हतं.

पुतणीच्या सर्व्हरचा खर्च कोण करतो ते मी तिला विचारलं. एक मुलगा स्वतःच्या खिशातून करतो म्हणाली. ज्या गावांनी मंडळ रीतसर नोंदवून पावती मंडळाच्या नावावर करून घेतली, त्यांची खोली टिकली, हे मी तिला सांगितलं आहे. आता त्या सर्व्हरवरचे दहा-बारा जण घटना लिहायला बसलेत; खजिनदार कुणी व्हायचं यावर गाडं अडलंय.