डोक्यावरून न्यायची होडी



होडी म्हटली की घाटाला बांधलेली लाकडी नाव डोळ्यांपुढे येते. पण काम झाले की उचलून घरी न्यायची होडीही आपल्या मुलखाला जुनीच आहे.

१५२० च्या सुमारास दोमिंगो पाइश नावाचा पोर्तुगीज विजयनगरला आला होता. तुंगभद्रेवरच्या टोपलीसारख्या गोल होड्या त्याने पाहिल्या. आतून वेताच्या, बाहेरून कातड्याने मढवलेल्या. पंधरा-वीस माणसे बसत, वेळ पडली तर बैल-घोडेही. सरळ काही जात नसत, भोवऱ्यासारख्या गरगरत! कानडी मुलखात हिला हरिगोल म्हणतात. पुढे १८०३ साली मराठ्यांवर चाल करून येताना इंग्रज सेनापती वेलस्लीने कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा या नद्यांसाठी अशाच होड्या करवून घेतल्या. भरल्या नदीने मराठी घोडदळ अडावे आणि आपले लष्कर पार व्हावे, हा त्याचा हिशेब. बुट्टीची किंमत त्याला बरोबर कळली होती म्हणायची.

घडी होणारी होडी मात्र जर्मनीतली. १९०५ साली हॉइरिश नावाच्या विद्यार्थ्याने बांबूच्या काठ्यांवर शिडाचे कापड ताणून ती केली. १९०७ साली तिचे हक्क क्लेपर नावाच्या शिंप्याने घेतले आणि होड्या शिवून विकल्या. बघा, बांबू तोच. कातड्याच्या जागी कापड आले एवढेच.

आता तुम्ही म्हणाल, आपला काय संबंध? शाहू महाराजांच्या कारकिर्दीत (१८९४ ते १९२२) भोगावतीवर राधानगरी धरणाचे काम सुरू झाले. पुढे तुळशी, दूधगंगा, वारणा अडल्या. धरणाचे पाणी नदीसारखे एका जागी राहत नाही. उन्हाळ्यात ते मागे सरते आणि काठाची जड नाव चिखलात रुतून बसते. म्हणून कित्येक जण ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळे टाकतात. ट्यूब स्वस्त खरी, पण काट्याने फुटली तर धरायला काही उरत नाही. दोघांनी उचलून पाण्यापर्यंत न्यायची घडीची होडी तिथे कामाची.

मात्र वजनाचा हिशेब करा. पाण्यात बुडालेला होडीचा भाग जितके लिटर पाणी सारतो, तितके किलो वजन पेलतो. सपाट तळ २ मीटर लांब, १ मीटर रुंद असेल तर दर २० किलोला ती १ सेंटिमीटर खाली बसते. होडी, दोन माणसे आणि जाळे मिळून २०० किलो झाले, की १० सेंटिमीटर गेले. काठ ३५ सेंटिमीटर उंच असेल तर पाण्यावर २५ उरले. पण हे नीट बसल्यावर. भरले जाळे ओढताना दोघेही एका बाजूला वाकले की तोच काठ पाण्याला टेकतो. एकाने ओढावे, दुसऱ्याने पलीकडे बसून तोल धरावा. उभे तर कोणीच राहू नये. ८ ऑगस्ट २०१९ रोजी महापुरात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला गावकऱ्यांना बाहेर काढणारी होडी उलटली आणि अनेक जीव गेले. तीत पेलवतील त्यापेक्षा जास्त माणसे होती. पोहता येत असले तरी तरंगते जाकीट अंगात हवेच. जाळ्यात पाय अडकला की पोहणे कामाला येत नाही.

आणि कापडाची होडी ओली असताना घडी घालून ठेवू नका. सावलीत उलटी वाळवा. कापड पहिल्यांदा विरते ते घडीच्या रेषेवर. दर खेपेला निघण्यापूर्वी तिथे बोट फिरवून बघत जा.