महाड येथील नाना फडणीस : गृहकलहातील पदांची आश्वासने (१७९६)

मराठेशाहीत युद्धकाळी सरदारांच्या बढतीची शिफारस सामान्यतः पराक्रमाच्या आधारे होत असे. लढाई झाली, कामगिरी नोंदली गेली, की सरंजाम वा किताब देण्याविषयी वरिष्ठांकडे लिहिले जाई. गृहकलहात मात्र हा क्रम उलटतो. पद आधी कबूल होते, कामगिरी पुढे व्हावयाची असते. या स्थित्यंतराचा अभ्यास महाड परिसराच्या संदर्भात करणे उद्बोधक ठरते.

२७ ऑक्टोबर १७९५ रोजी सवाई माधवराव निवर्तले आणि पेशवेपदाचा वाद पेटला. १७९६ मध्ये परशुरामभाऊ पटवर्धन व शिंद्यांचे कारभारी बाळोबा तात्या यांनी चिमाजीअप्पांना पेशवेपदी बसविले. वाईस असलेले नाना कोकणात उतरले. त्यांनी घाटवाटा रोखल्या, प्रतापगडावर शिबंदी ठेवली आणि महाडास मुक्काम करून रायगडाची बळकटी केली. पोलादपूरकडून वर चढणारी वाट प्रतापगडाखालून जाते, हे ध्यानी घेतले म्हणजे या निवडीतील दूरदृष्टी कळते.

तथापि नानांचे खरे युद्ध लेखणीने झाले. पुण्यातील हुजुरातीच्या फौजेचे बाबाराव फडके त्यांना अनुकूल झाले. तुकोजी होळकरांचे पाठबळ मिळाले. नागपूरकर रघूजी भोसल्यांना प्रदेशाचे, तर दौलतराव शिंद्यांना परशुरामभाऊंची जहागीर व अहमदनगरचा किल्ला देण्याचे वचन गेले. ऑक्टोबर १७९६ मध्ये महाडास निजामाशी तह होऊन खर्ड्याच्या विजयाने मिळालेला मुलूख परत करण्याचे ठरले. सुमारे दीड वर्षापूर्वी रणात जिंकलेले असे कागदावर सोडले गेले. नानांच्या चातुर्याची स्तुती करणारे इतिहासकार ही किंमत सहसा हलक्या आवाजात सांगतात.

या व्यवहारात सर्वाधिक बोलके उदाहरण कागलकर सखाराम घाटगे यांचे आहे. शिंद्यांची दिवाणगिरी ही त्यांची आकांक्षा. ती पुरी होण्यासाठी बाळोबा तात्या दूर होणे अवश्य होते. नानांचा हेतू व घाटग्यांचा हेतू येथे एकत्र आला. ऑक्टोबरअखेर बाळोबा कैद झाले आणि डिसेंबरात दुसरे बाजीराव पेशवे झाले. नाना पुन्हा कारभारावर आले.

अशा पदोन्नतीत योग्यतेची कसोटी नव्हती, आणि निष्ठेचीही नव्हती. पराक्रमावर मिळालेले पद धन्याशी बांधून ठेवते. सौद्यात मिळालेले पद पुढच्या सौद्यासाठी मोकळे राहते. ३१ डिसेंबर १७९७ रोजी शिंद्यांच्या छावणीत नानांना दग्याने धरले. तत्पूर्वी त्यांच्या सुरक्षिततेची हमी शिंद्यांच्याच पदरच्या मिशेल फिलोज या सेनाधिकाऱ्याने दिली होती. सर्जेराव म्हणून प्रसिद्धीस आलेल्या घाटग्यांनी त्यानंतर पुणेकरांकडून सक्तीने द्रव्य उकळले. महाडच्या मुक्कामात ज्यांच्या आकांक्षेचा उपयोग झाला, तेच आता शहराच्या उरावर बसले होते.