सारीपाट व सोंग : मराठवाड्यातील खेळपरंपरा

सारीपाट हा फाशांच्या किंवा कवड्यांच्या दानानुसार पटावर सोंगट्या चालवून खेळावयाचा एक प्राचीन बैठा खेळ होय. पटाच्या मर्यादित जगात खेळाडू काही काळापुरते एक निराळे नशीब पत्करतो आणि डाव संपताच ते खाली ठेवतो. आधुनिक काळात पाश्चात्त्य देशांत रूढ झालेल्या भूमिकाखेळांचे मूलतत्त्वही हेच आहे. मराठवाड्यातील नांदेड व लातूर परिसरात खंडोबाच्या उपासनेत सारीपाटाची कथा आणि सोंग ही दोन्ही एकत्र आलेली दिसतात. खेळातील भूमिका आणि जीवनातील भूमिका यांमधील सीमारेषा समजून घेण्यास हा परिसर विशेष उपयुक्त ठरतो.

स्वरूप : सारीपाटाचा पट कापडी व फुलीच्या आकाराचा असतो. त्याच्या चार बाजूंपैकी प्रत्येकीत आठ घरांच्या तीन ओळी, म्हणजे २४ घरे असतात. एकूण घरे ९६ होतात. चार रंगांच्या प्रत्येकी चार, अशा १६ सोंगट्या असतात. लांबट फाशांच्या चार बाजूंवर १, २, ५ व ६ असे ठिपके असतात. तीन फाशांपैकी एकावर एक व उरलेल्या दोहोंवर सहा-सहा पडले, की ‘पौबारा’ होतो. भाग्य उजळणे या अर्थी मराठीत रूढ झालेला वाक्प्रचार या दानावरूनच आला आहे. मारलेली सोंगटी पुन्हा आरंभापासून चालवावी लागते. दान दैवाचे आणि चाल खेळाडूची, असे या खेळाचे दुहेरी स्वरूप आहे.

प्राचीन आधार : वेरूळच्या १४, २१ व २९ या क्रमांकांच्या लेण्यांत शिव-पार्वती अक्षक्रीडा करीत असल्याची शिल्पे आहेत. ती साधारणपणे सहाव्या-सातव्या शतकांतील मानली जातात. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कार. ११२६–११३८) याच्या मानसोल्लास या संस्कृत ग्रंथातील क्रीडाविंशतीमध्ये चतुरंग, पाशक व वराटिका, म्हणजे अनुक्रमे बुद्धिबळाचे पूर्वरूप, फासे आणि कवड्यांचे खेळ, यांची वर्णने आहेत. त्याची राजधानी कल्याणी (सध्याचे बसवकल्याण, कर्नाटक राज्य) लातूर जिल्ह्याच्या सीमेपासून फार दूर नाही. पटखेळ हे राजाच्या विनोदाचे एक मान्य अंग होते, हे या ग्रंथावरून स्पष्ट होते. मात्र महाभारतातील द्यूतप्रसंगामुळे पणाविषयीचे भय लोकमनात कायम राहिले. खेळ आणि पण यांतील हा भेद पुढील कथेतही महत्त्वाचा आहे.

खंडोबाचा डाव : वाघ्या-मुरळींच्या गीतांतून आलेल्या कथेनुसार खंडोबा व म्हाळसा सारीपाट खेळावयास बसतात. देव हरतो आणि पणाप्रमाणे बारा वर्षांच्या वनवासास जातो. तो धनगरांच्या वाड्यावर म्हाताऱ्या चाकराचे सोंग घेऊन राहतो. त्याने धुतलेली मेंढरे मरून पडतात; बाणाईचा हात मिळाल्यास ती जिवंत करीन, अशी अट घालून तो तिच्याशी विवाह करतो. गीतांच्या निरनिराळ्या पाठांत तपशिलांचे फरक आहेत. बाणाईशी झालेल्या विवाहाचे स्थान म्हणून नळदुर्गचे (जि. धाराशिव) नाव परंपरेने सांगितले जाते. रा. चिं. ढेरे आणि गुंथर सोंथायमर (१९३४–१९९२) यांच्या संशोधनामुळे या परंपरेकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले गेले.

नांदेड–लातूर मार्गावरील माळेगाव (ता. लोहा, जि. नांदेड) येथे मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीपासून खंडोबाची मोठी यात्रा भरते. जनावरांच्या बाजारासाठीही ती प्रसिद्ध आहे. खंडोबाच्या जागरणात दिमडी, तुणतुणे व घाटी यांच्या साथीने ही कथा गायिली जाते. म्हाळसा-बाणाईचे भांडण संवादरूपाने रंगते. वाघ्या स्वतःला देवाचे कुत्रे मानतो व काही विधींत भुंकून तसे सोंगही आणतो. पटावर हरलेल्या देवाचे सोंग भक्त अशा रीतीने पुढे चालवितात.

सोंगाची मर्यादा : कथेतील देवाच्या सोंगाला बारा वर्षांची मुदत आहे. जागरणातील गायक पहाटे आपली भूमिका उतरवितो. देवाला वाहिलेल्या मुरळीला मात्र ही मोकळीक नव्हती. मुलगी अजाण असतानाच तिची भूमिका दुसऱ्यांनी ठरविलेली असे व ती जन्मभर निभवावी लागे. मुंबई इलाख्यात १९३४ च्या कायद्याने अशा प्रथांना आळा घालण्याचा प्रयत्न झाला. पण तेव्हा मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. सबंध राज्यासाठी महाराष्ट्र देवदासी व्यवस्था (निर्मूलन) अधिनियम, २००५ करण्यात आला. स्वेच्छेने घेतलेले व संपविता येणारे सोंग हा खेळ होय. लादलेले व न संपणारे सोंग हे दास्य होय.

पाश्चात्त्य भूमिकाखेळ : एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी प्रशियात राइसवित्स पितापुत्रांनी सेनाधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी पंच, फासे व नकाशा यांवर आधारलेला युद्धखेळ सिद्ध केला (१८१२, सुधारित रूप १८२४). त्या परंपरेतून १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला. तीन पुस्तिकांच्या पहिल्या आवृत्तीच्या एक हजार प्रती छापल्या होत्या. या खेळात एक जण सूत्रधार होऊन प्रसंगाचे वर्णन करतो. इतर जण योद्धा, मांत्रिक इ. भूमिका घेऊन काय करावयाचे ते बोलून सांगतात आणि संशयित कृतींचा निर्णय फासे देतात. यात जिंकण्याहरण्यापेक्षा सर्वांनी मिळून कथा घडविण्याला महत्त्व असते.

खेळाडूंचा आक्षेप : १९८० च्या दशकात अमेरिकेत या खेळाने तरुणांचे मन बिघडते, अशी हाकाटी झाली. ‘मेझेस अँड मॉन्स्टर्स’ (१९८२) या दूरचित्रवाणीपटात भूमिका व वास्तव यांतील भेद विसरलेला तरुण दाखविला आहे. लोकप्रिय करमणुकीने आपल्या छंदाचे असे विपरीत चित्र रंगविल्याबद्दल खेळाडूंची तक्रार राहिली. ती निराधार नाही. कारण सूत्रधार, नियम आणि ठरलेला शेवट यांमुळे हा भेद उलट सतत जाणवत राहतो.

भारतीय पटखेळांच्या वाट्याला निराळा अन्याय आला. ज्याचे जनकत्व परंपरेने ज्ञानेश्वरांकडे दिले जाते, परंतु ज्याला समकालीन पुरावा नाही, त्या मोक्षपटात जीव पापपुण्यांच्या नामांकित घरांतून मोक्षाकडे जातो. इंग्लंडमध्ये १८९२ च्या सुमारास त्याचे ‘स्नेक्स अँड लॅडर्स’ झाले व कालांतराने घरांची नावे गळून नुसते आकडे उरले. सारीपाटाच्या जातीच्या पचिशीपासून १८९६ मध्ये तेथेच लूडोचे एकस्व घेण्यात आले. हाच लूडो २०१६ मध्ये ‘लूडो किंग’ या नावाने भ्रमणध्वनीवर आला आणि २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी पोहोचला. दाने व चाली टिकल्या. कथा मात्र सुटली.

ही कथा खंडोबाच्या जागरणात अद्याप टिकून आहे. तेथे पट प्रत्यक्ष मांडला जात नसला, तरी हरलेल्या डावाचा अर्थ श्रोत्यांना ठाऊक असतो. पटखेळांचा इतिहास लिहिताना उत्खनित फासे व जुने पट यांबरोबरच ही मौखिक गीतेही आधार म्हणून नोंदविली जाणे अगत्याचे आहे. कारण खेळाडू पटावर कोण होत असे, हे केवळ पटावरून कळत नाही.