दिवेलागण ते भोंगा: आपल्या भागातल्या झोपेचा थोडा इतिहास

"डॉक्टर, सकाळी उठवतच नाही. उठलो तरी अंग जड, डोकं जड." दवाखान्यात ही तक्रार रोजची आहे. तिच्या पाठोपाठ बहुतेक जण म्हणतात, "आमचे आजोबा पहाटे चारला उठायचे. आमच्यातच शिस्त राहिली नाही." पहिलं वाक्य मी लिहून घेतो. दुसरं मात्र मला पटत नाही.

आजोबांच्या काळी सातारा-सांगलीच्या खेड्यात दिवेलागणीनंतर उरायची ती घासलेटची चिमणी, फार तर कंदील. घासलेट विकत आणायचं, तेही जपून वापरायचं. त्यामुळे जेवणं अंधार पडायच्या सुमारास उरकत आणि साडेआठ-नऊला घर शांत होई. नऊला झोपलेला माणूस चारला उठला तर त्याची सात तास झोप झालेली असते. तुम्ही बाराला झोपून सहाला उठलात तर सहाच होतात. शिस्त कोणाची जास्त, ते तुम्हीच ठरवा!

त्या काळाचं फार कौतुकही नको. घरातल्या बायका सगळ्यांच्या आधी उठून जात्यावर बसत. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रभरातून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आपण त्यांना लोकगीतांचा ठेवा म्हणतो आणि ते खरंच आहे. पण डॉक्टर म्हणून मला त्यात बायकांनी अंधारात जागून काढलेल्या पहाटाही दिसतात. पिठाची गिरणी गावात आली, तेव्हा घरातल्या बाईला झोपेचा थोडा वेळ परत मिळाला.

घड्याळाचंही एक गणित आहे. १ जानेवारी १९०६ पासून देशात एकच प्रमाणवेळ आली. ती ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची, म्हणजे अलाहाबादजवळची. सातारा ७४ अंशांवर आहे, म्हणून आपल्याकडे सूर्य सरासरी १२ वाजून ३४ मिनिटांनी डोक्यावर येतो. सांगलीत दोन-तीन मिनिटं आधी. मुंबईत तर १९५५ पर्यंत ३९ मिनिटं मागे असलेली 'मुंबई वेळ'ही वापरात होती. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. त्या दिवसांत साडेपाचचा गजर लावून मुलाला सातच्या शाळेसाठी उठवता, तेव्हा शरीराच्या हिशेबाने अजून रात्रच असते. २०२४ मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरवलं, तेव्हा कारण मुलांच्या अपुऱ्या झोपेचंच दिलं होतं.

सकाळच्या उन्हाचं महत्त्व आपल्या भागात एका राजाने ओळखलं होतं. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला, स्वतः रोज घातले आणि संस्थानातल्या शाळांमध्ये सुरू केले. संस्थानातलं औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, आटपाडी सांगलीत. त्यांचा भर व्यायामावर होता. पण उगवतीकडे तोंड करून उघड्यावर उभं राहण्यात झोपेचंही औषध आहे. खोलीतला दिवा साधारण शंभर ते तीनशे लक्स प्रकाश देतो, सकाळचं उघडं आकाश काही हजार लक्स. डोळ्यांतून शिरलेला हा प्रकाश मेंदूतलं घड्याळ लावतो आणि त्या रात्रीची झोप वेळेवर यायला मदत करतो.

मग वीज आली. १९६० च्या दशकात कोयनेची वीज सुरू झाली आणि पुढच्या वर्षांत गावोगाव खांब पोहोचले. अभ्यास, दवाखाने, कारखाने, पाणी, सगळं त्यामुळे सोपं झालं. अंधाराने बंद होणारी संध्याकाळ मात्र उघडी राहिली. झोपेचा संदेश देणारं मेलाटोनिन हे संप्रेरक १९५८ मध्येच वेगळं काढलं गेलं होतं, पण प्रखर प्रकाशाने माणसात ते दबतं हे सिद्ध व्हायला १९८० साल उजाडलं. तोवर ट्यूबलाइट घरात आली होती. टीव्ही आणि मोबाईल नंतर आले.

या विजेचा एक भार शेतकऱ्यावर अजून आहे. थ्री-फेज वीज आठवडा-आठवड्याने दिवसा आणि रात्री मिळते, तेव्हा उसाला पाणी पाजायला रात्री दोनला उठावं लागतं. साखर कारखान्यात हंगामभर तीन पाळ्या चालतात. अशा पेशंटला 'रोज दहाला झोपा' असं सांगण्यात अर्थ नाही. रात्रपाळीनंतर घरी जाताना गॉगल लावा, खिडकीला जाड पडदा घाला, सलग चार-पाच तास तरी कोणी उठवणार नाही हे घरच्यांना बजावा. पाळीच्या उत्तरार्धात चहा नको, त्यातलं निम्मं कॅफीन पाच तासांनीही रक्तात असतं. आणि झोप अनावर झाली असेल तर मोटारसायकल चालवू नका.

बाकीच्यांसाठी मला सांगली जिल्ह्यातलंच उदाहरण द्यावंसं वाटतं. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने १५ ऑगस्ट २०२२ पासून एक नियम केला. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि घरोघरी टीव्ही, मोबाईल बंद होतात. साडेआठला पुन्हा भोंगा होतो. कोरोनात मुलांना लागलेली मोबाईलची सवय सुटावी, अभ्यास व्हावा, घरात बोलणं व्हावं हा हेतू होता. झोपेचा विचार त्यात नव्हता. सुरुवातीला आशा आणि अंगणवाडी सेविका घरोघरी फिरून आठवण करून देत. मला त्यातली महत्त्वाची गोष्ट ही वाटते की सगळ्यांनी एकदम बंद केलं. बापाच्या हातात मोबाईल आणि मुलाला 'झोप आता', हे कुठल्याच घरात चालत नाही.

तुमच्या घरचा भोंगा मात्र झोपेच्या तासभर आधी वाजू द्या. मोबाईल चार्जिंगला दुसऱ्या खोलीत, मोठा दिवा बंद, लहान पिवळा चालू. सकाळी उठायची वेळ रविवारीही तीच ठेवा आणि पहिला चहा अंगणात किंवा गच्चीवर घ्या. झोपायची वेळ एकदम दोन तास मागे ओढू नका, दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं पुरे. दुपारी डुलकी हवीच असेल तर तीनच्या आत, वीस-तीस मिनिटं.

तीन-चार आठवडे हे नीट करूनही सकाळ जडच जात असेल तर तपासायला या. मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास अडकणं, रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं, दिवसा बसल्या जागी झोप लागणं, सतत उदास वाटणं, यातलं काही असेल तर तेवढंही थांबू नका. हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि साखर तपासून घेऊ. येताना शेजारी झोपणाऱ्या माणसाला बरोबर आणा, तुमच्या घोरण्याची खरी माहिती त्यांच्याकडेच असते.