उडता पेट्रोल पंप आणि एक आगाऊ बिल्ला

अमेरिकन हवाई दलात अधिकृत बिल्ल्यांशिवाय आणखी एक प्रकार चालतो, मोराल पॅच. बाहीवर चिकटवायचा कापडी बिल्ला, त्यावर आपल्याच तुकडीतला एखादा वात्रट विनोद. यातले टँकरवाल्यांचे पॅच तर एकदम खास!

टँकर म्हणजे हवेत दुसऱ्या विमानांना इंधन देणारं विमान. त्यांच्या एका प्रसिद्ध पॅचवर नुसती अक्षरं असतात, 'एनकेएडब्ल्यूटीजी'. फुल फॉर्म 'नोबडी किक्स अ‍ॅस विदाउट टँकर गॅस'. आपल्या भाषेत, आमचं तेल पोटात गेल्याशिवाय शत्रूच्या पेकाटात लाथ घालणं कुणाला जमत नाही! दुसरा लाडका विनोद 'पासिंग गॅस'. तिकडे पेट्रोलला गॅस म्हणतात, म्हणून एक अर्थ इंधन देणं. दुसरा अर्थ सांगायला नकोच :)

आता हा आगाऊपणा कशासाठी? त्यासाठी जरा मागे जाऊ. १ जानेवारी १९२९ ला कॅलिफोर्नियात 'क्वेश्चन मार्क' नावाचं विमान उडालं, ते उतरलं थेट ७ तारखेला. तब्बल १५० तास! मेजर कार्ल स्पाट्झ आणि त्यांचे चार साथीदार आत होते. दुसरं विमान वर येऊन रबरी नळी खाली सोडायचं. इंधन, जेवण, सगळं असंच पोचायचं, तेही रात्री-बेरात्री, रेडिओशिवाय.

उतरल्यावर त्या पाचही जणांना 'डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस' मिळालं. आणि नळी सोडणाऱ्यांना? शाबासकीचं पत्र. पदक द्यायला १९७६ साल उजाडलं, म्हणजे ४७ वर्षं! तोवर त्यांच्यातले बरेच जण वारलेही होते.

रिलीजनंतर टाळ्या डेव्हलपरला आणि रात्रभर सर्व्हर सांभाळणाऱ्याला 'थँक्स'चा मेल, हे आपल्याला काय नवीन आहे?

१९५७ पासून सेवेत असलेल्या केसी-१३५ टँकरमध्ये इंधनाची दांडी जोडणारा माणूस शेपटाकडे पालथा पडून काम करतो. खिडकीतून खाली दिसतं ते तहानलेलं लढाऊ विमान, काही मीटरवर. ते पोट भरून निघून जातं, बातमी त्याची होते. टँकर दुसऱ्या गिऱ्हाइकाची वाट बघत तिथेच घिरट्या घालतो.

मग पदकाची वाट कोण बघणार? त्यापेक्षा स्वतःच एक पॅच शिवून घेतलेला बरा. शिवी वाटली तरी हिशोब मात्र अगदी बरोबर आहे.