नाण्याचें स्थळ व नाण्याची साक्ष : नवीन संग्राहकांस कांहीं सूचना

जुनीं नाणीं जमविण्याचा छंद आपल्याकडे नवा नाहीं. तथापि जमविणारांपैकीं बहुतेकांची दृष्टि नाण्याच्या दुर्मिळतेवर व किंमतीवर खिळलेली असते. तें कोठें व कशासह सांपडलें याची विचारपूस क्वचितच होते. हस्तलिखितांच्या संग्राहकांस या उणिवेचें महत्त्व वेगळें सांगावयास नको. दप्तरांतून सुटा झालेला, मिति व स्थळ हरवलेला कागद जसा अर्धा मुका होतो, तसेंच स्थळ हरवलेल्या नाण्याचें होतें. म्हणून ज्यास या छंदाचा आरंभ करावयाचा असेल त्यानें पहिला खर्च नाण्यावर न करितां एका कोऱ्या वहीवर करावा, असें सुचविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

नाशिक जिल्ह्यांतील जोगलटेंभी येथें १९०६ सालीं क्षहरात क्षत्रप नहपान याच्या चांदीच्या नाण्यांचा सांठा सांपडला. त्यांत १३ हजारांहून अधिक नाणीं होतीं. त्यांपैकीं ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा पुन्हां उमटविलेला होता. गौतमीपुत्रानें क्षहरातांचा उच्छेद केला असें नाशिकच्या लेण्यांतील बलश्रीच्या लेखांत म्हटलें आहे. परंतु तो मातेनें केलेला पुत्राचा गौरव होय, असा आक्षेप घेण्यास वाव होता. नाण्यांनीं तो ठेविला नाहीं. सांठा एकत्र राहिला व मोजला गेला म्हणूनच ही साक्ष इतकी बळकट झाली. रेव्हरंड स्कॉट यांनीं तीं नाणीं ताडून पाहिलीं, तेव्हां त्यांवरील मुखवट्यांतील फरकही ध्यानांत आले. चार सुबक नाणीं कोणीं उचलून नेलीं असतीं आणि बाकीचीं सोनाराच्या मुशींत गेलीं असतीं, तर एका राजानें दुसऱ्याच्या कांहीं नाण्यांवर ठसा मारला, एवढेंच आपणांस कळलें असतें.

वऱ्हाडांत तऱ्हाळा येथें १९३९ सालीं सांपडलेल्या सातवाहनांच्या पोटिन नाण्यांची कथा अशीच आहे. तीं मिश्र धातूचीं, दिसण्यांत अगदीं सामान्य. तथापि म. म. वा. वि. मिराशी यांनीं त्यांचें वाचन केल्यावर कुंभ, कर्ण व शक सातकर्णी अशीं पुराणांच्या राजावलींत नसलेलीं नांवें पुढें आलीं.

या दृष्टीनें छत्रपति संभाजीनगरचा, म्हणजे पूर्वींच्या औरंगाबादचा, परिसर नवीन संग्राहकास उत्तम पाठशाळा आहे. दक्षिणेस पैठण, सातवाहनांचें प्रतिष्ठान. जवळच दौलताबाद, महंमद तुघलकानें १३२९-३० च्या सुमारास पितळेचीं व तांब्याचीं नाणीं चांदीच्या भावानें चालविण्याचा प्रयत्न केला, त्यांपैकीं कांहींवर या टांकसाळीचें नांव आहे. अजाण माणूस असलें पितळी नाणें हलकें म्हणून टाकून देईल. वस्तुतः त्याचा हलकेपणा हाच त्याचा इतिहास आहे. खुद्द शहराचें नांव मोगल रुपयांवर कधीं औरंगाबाद, तर कधीं ‘खुजिस्ता बुन्याद’ असें येतें. हीं दोन गांवें नव्हेत, हें आरंभींच जाणून ठेवावें. आणि घरोघर पडून असलेले, चारमिनाराचें चित्र असलेले हैदराबाद संस्थानचे हाली सिक्क्याचे रुपये तर शिकण्यास सर्वांत सोयीचे.

आतां पद्धतीविषयीं. प्रत्येक नाण्यास स्वतंत्र कागदी पाकीट द्यावें व त्यावर वहींतील क्रमांक घालावा. वहींत मिळाल्याची तारीख, गांव, शेत कीं पांढरीची टेकडी, सोबत काय होतें, धातु, वजन, व्यास आणि दोन्ही बाजूंचें वर्णन लिहावें. विकणाराचें सांगणें ऐकींव असेल तर तें ऐकींव म्हणूनच नोंदवावें. चिंच, राख किंवा आम्ल लावून नाणें उजळूं नये. हिरव्या थराबरोबर अक्षरेंही जातात. मोगल नाण्याचा ठसा बहुधा नाण्याहून मोठा असतो, त्यामुळें लेखाचा कांहीं भाग बाहेर राहतो. एकाच प्रकारचीं चार सामान्य नाणीं शेजारीं मांडलीं म्हणजे लेख पुरा होतो. अर्थात् जोडीचें नाणें निरुपयोगी समजूं नये. सराफानें पारखण्यासाठीं मारलेलीं चिन्हेंही दोष नव्हेत. नाणें बाजारांत फिरल्याची ती खूण होय.

कागदपत्रांच्या अभ्यासकांस येथें एक विशेष सोय आहे. मोडी हिशेबांत चांदवडी, अंकुशी, मल्हारशाही असे रुपये व त्यांवरील बट्टा पदोपदीं आढळतो. चांदवडीचा प्रत्यक्ष रुपया हातीं घेतला कीं त्यावर शहाआलम बादशहाचें नांव दिसतें. टांकसाळ मात्र मराठी मुलखांतील. कागद व नाणें एकमेकांशेजारीं ठेविल्यावांचून बट्ट्याचें गणित व राज्यसत्तेचें स्वरूप दोन्ही नीट उमगत नाहींत.

कायद्याकडेही लक्ष असावें. १८७८ च्या निधि-कायद्याप्रमाणें जमिनींत सांपडलेल्या दहा रुपयांहून अधिक किंमतीच्या ठेव्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांस देणें बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावस्तु-कायद्यानें शंभर वर्षांहून जुनीं नाणीं खासगी रीतीनें परदेशीं धाडण्यास मनाई केली आहे. वर्दी दिली तर सर्व जातें, या भीतीनें सांठे गुपचूप फुटतात व वितळतात. ही भीति घालविण्याचें काम गांवांतील जाणत्या संग्राहकासच साधेल. तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे यांचा संग्रह व पैठण येथील बाळासाहेब पाटील यांचा संग्रह आज शासकीय संग्रहालयांत सर्वांस पाहावयास मिळतात, हें त्यानें लोकांस दाखवावें.

ज्यांच्या घरीं जुन्या नाण्यांची पुरचुंडी असेल त्यांनीं घरांतील वडील मंडळी हयात आहेत तोंवर तीं कोठून आलीं हें विचारून टिपून ठेवावें. नाणें आणखी शंभर वर्षें टिकेल. सांगणारा माणूस टिकणार नाहीं.