लैंगिक संसर्ग : निदान व उपचारांतील रुग्णानुभव

शरीरसंबंधातून होणाऱ्या संसर्गाचे निदान व उपचार घेताना रुग्णाला येणारा अनुभव. येथे मुख्यतः महाराष्ट्राचा विचार केला आहे.

नावे : मराठीत रूढ शब्द ‘गुप्तरोग’. बोलीत सिफिलिसला गरमी व गनोरियाला परमा म्हणतात. सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाश’ ग्रंथात सिफिलिससाठी ‘फिरंग रोग’ (फिरंग्यांचा रोग) हे नाव आढळते. रोग परक्यांचा किंवा लपवण्याचा, हा भाव नावांतच असल्याने रुग्ण उशिरा येतो.

स्त्रिया : डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९८९ साली आलेल्या या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक रोग आढळला, आतून तपासणी त्याआधी जेमतेम ८ टक्के जणींचीच झाली होती. ‘अंगावरून पांढरे जाते’ एवढेही बाई चारचौघांत बोलत नाही. पांढरे जाण्याचे कारण दरवेळी लैंगिक संसर्गच असते असे नाही. तरी संशय तिच्यावरच येतो. तपासताना पडदा व स्त्री-कर्मचारी असणे ही तिच्या दृष्टीने उपचाराचीच पहिली पायरी होय.

पुरुष : अनेक जण परस्पर औषधदुकानात किंवा जाहिरात करणाऱ्या भोंदूंकडे जातात; वास्तविक या रोगांवरील औषधांच्या जाहिरातींना १९५४च्या कायद्याने बंदी आहे.

उपचार : राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या (नाको) कार्यक्रमात सरकारी ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये लक्षणसमूह पाहून औषध देण्याची पद्धत आली. त्यासाठी सात रंगांची पाकिटे ठरली. मूत्रमार्गातून स्राव असल्यास करडे पाकीट : ॲझिथ्रोमायसिन १ ग्रॅम, सेफिक्झिम ४०० मिलिग्रॅम, दोन्ही एकाच वेळी. जननेंद्रियावर नागिणीखेरीज अन्य व्रण असल्यास पांढरे, त्यात पेनिसिलिनचे इंजेक्शन. अहवालाची वाट न पाहता त्याच दिवशी औषध मिळते आणि मजुरीचा दुसरा दिवस बुडत नाही. मात्र लक्षणे नसलेला संसर्ग या पद्धतीतून निसटतो.

जोडीदार : दोघांवर उपचार न झाल्यास संसर्ग उलटतो. चिठ्ठी देऊन जोडीदाराला बोलावतात. ती नवऱ्याच्या हाती देणे बाईला गोळ्या घेण्याहून अवघड जाते.

गोपनीयता : एचआयव्ही चाचणीसाठी संमती व गुप्तता २०१७च्या कायद्याने (अंमल २०१८) बंधनकारक आहे.

बरे झाल्यावर : सिफिलिसच्या काही रक्तचाचण्या उपचारानंतरही बहुधा जन्मभर ‘पॉझिटिव्ह’ राहतात. बरे झाल्याचा अंदाज व्हीडीआरएल चाचणीच्या उतरत्या आकड्यावरून घेतात. हे आधीच समजावून सांगणे डॉक्टरांचे कर्तव्य आहे; अन्यथा बरा झालेला माणूसही पुढच्या अहवालाने हादरतो.